स्लाइडवरचा परका तुकडा

समजा, परतवाड्याजवळच्या एखाद्या गावातली पंचावन्न वर्षांची बाई आहे. पाळी जाऊन चार वर्षे झालेली, आणि आता अचानक पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले. घरच्यांनी अमरावतीला आणून दाखवले. डॉक्टरांनी गर्भपिशवीचे अस्तर खरवडून तपासणीला पाठवले. काही दिवसांनी तिची स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. या वयात असावे तसे पातळ, झडलेले अस्तर दिसते. काळजीचे काही नाही. पण स्लाइडच्या कडेला, बाकीच्या तुकड्यांपासून थोडा दूर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एक पुंजका आहे आणि त्यातल्या पेशी कॅन्सरच्या आहेत.

आता प्रश्न एवढाच उरतो की हा पुंजका त्या बाईचा आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल. स्लाइडवर तिचा नंबर आहे, म्हणजे तुकडा तिचाच असणार, असे कोणीही म्हणेल. पण त्याच सकाळी, त्याच टेबलावर, दुसऱ्या एखाद्या रुग्णाची आतड्याची गाठ कापली गेली असू शकते. त्या गाठीचा एखादा कण चिमट्याला चिकटून राहिला आणि पुढच्या तुकड्यासोबत निघाला, तर एका माणसाचा आजार दुसऱ्याच्या स्लाइडवर जाऊन बसतो. प्रयोगशाळेच्या भाषेत याला ‘फ्लोटर’ म्हणतात, म्हणजे तरंगत आलेला तुकडा. ही प्रयोगशाळेच्या कामातली जुनी आणि जगभर ठाऊक असलेली अडचण आहे. रुग्णांच्या कानावर मात्र ती सहसा जात नाही.

इथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. परका तुकडा त्या बाईचा समजला, तर गरज नसताना तिची पिशवी निघेल, घरात कॅन्सरचे नाव शिरेल आणि बैल किंवा दागिने विकले जातील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा हा प्रकार. पण उलटेही होते. तो पुंजका खरोखर तिचाच असेल आणि ‘कुठून तरी आला असेल’ म्हणून सोडून दिला, तर वेळेत सापडलेला आजार हातचा जातो. खरवडलेल्या अस्तरात किंवा प्रोस्टेटच्या कापलेल्या किसात कॅन्सरचा एखादाच बारीक कण खरोखर मिळणे अशक्य नाही. म्हणून ‘शंका आली की परका समजा’ हा नियम चालत नाही, आणि ‘नंबर आहे म्हणजे तिचाच’ हाही चालत नाही. शोध घ्यावा लागतो.

नमुन्यांची सरळ अदलाबदल होणे ही वेगळी गोष्ट. 2002 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका महिलेचे दोन्ही स्तन काढल्यानंतर कळले की तिला कॅन्सर नव्हताच, प्रयोगशाळेत तिचे आणि दुसऱ्या महिलेचे निष्कर्ष एकमेकींच्या नावावर गेले होते. जगभर गाजलेल्या अशा प्रकरणांमुळे लेबल, नंबर आणि बारकोड यांची काळजी वाढली. पण फ्लोटर लेबलला दाद देत नाही. नाव बरोबर, नंबर बरोबर, डबी बरोबर, ब्लॉक बरोबर, आणि तरीही त्यात दुसऱ्याचा कण. बारकोड डबी कोणाची ते सांगतो. चिमट्याच्या टोकाला काय चिकटले आहे ते त्याला कळत नाही.

हा कण येतो कुठून, हे समजायला तुकड्याचा प्रवास पाहावा लागतो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉरमॅलिनच्या डबीत प्रयोगशाळेत येतो. तिथे पॅथॉलॉजिस्ट तो बोर्डवर ठेवून कापतो आणि तपासायचा भाग छिद्रांच्या लहान प्लॅस्टिक डबीत, म्हणजे कॅसेटमध्ये घालतो. अशा अनेक रुग्णांच्या कॅसेट एकत्रच रात्रभर फॉरमॅलिन, अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून जातात. सकाळी तुकडा मेणात बसवून ब्लॉक तयार होतो. मायक्रोटोमवर त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात. एका मिलिमीटरचे अडीचशे भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतका तो पातळ. हा काप कोमट पाण्याच्या वॉटर बाथवर तरंगत ठेवतात, काचेवर अलगद उचलतात, आणि मग ती काच रंगांच्या भांड्यांतून फिरते. ती भांडीही सगळ्यांची एकच असतात.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर परका कण शिरू शकतो. कापण्याच्या बोर्डवर, सुरीला, चिमट्याला तो चिकटतो. कॅसेटच्या छिद्रातून निसटतो. मेणात बसवताना गरम चिमट्यावरून येतो. वॉटर बाथच्या पाण्यावर आधीच्या कापाचा चुरा राहिलेला असतो. रंगाच्या भांड्यात एका काचेवरून सुटलेला काप दुसऱ्या काचेवर जाऊन बसतो. त्यातही काही गाठी स्वभावानेच भुसभुशीत. आतड्याचे कोंब, मूत्राशयातल्या फुलकोबीसारख्या गाठी, खरवडलेले अस्तर यांचा चुरा लवकर पडतो आणि दूर जातो.

वऱ्हाडातल्या वाचकाला ही गोष्ट जिनिंगच्या उदाहरणाने लगेच कळेल. बियाण्याचा कापूस जिनिंगला आणला की एका वाणाची सरकी निघाल्यावर दुसरा वाण लावण्याआधी यंत्र झाडून साफ करावे लागते. कोपऱ्यात आधीच्या वाणाची चार सरक्या राहिल्या, तरी पुढच्या पोत्यात भेसळ होते, आणि पोत्यावरचे लेबल कितीही छान असले तरी ती शेतात उगवतेच. सरकीची भेसळ निदान पीक उभे राहिल्यावर दिसते. माणसाच्या बाबतीत तोवर थांबता येत नाही.

हे किती वेळा घडते? अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने 275 प्रयोगशाळांमध्ये याची मोजणी केली. तिचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. रोजचे काम करता करता तीन लाखांहून अधिक स्लाइड पाहिल्या, तेव्हा हजारात सहा स्लाइडवर परका तुकडा आढळला. मग जुन्या स्लाइड मुद्दाम काढून याच एका नजरेने तपासल्या, तेव्हा हे प्रमाण हजारात 29 निघाले. जवळपास पाचपट. बहुतेक तुकड्यांनी निदानात काही अडचण आणली नाही. मूत्रपिंडाच्या स्लाइडवर कातडीचा कण आला, तर पाहणारा हसून पुढे जातो. पण ज्या थोड्या स्लाइडवर कॅन्सरचा कण येतो, तिथे हसण्यावारी नेता येत नाही. या आकड्यांचा खरा धडा असा की शोधले तर सापडते. जी प्रयोगशाळा ‘आमच्याकडे असे होत नाही’ म्हणते, तिने बहुधा मोजलेले नसते.

आता पुन्हा त्या बाईच्या स्लाइडकडे वळू. अनुभवी नजर आधी काही खुणा पाहते. पुंजका बाकीच्या तुकड्यांपासून वेगळा पडला आहे का? सूक्ष्मदर्शकाचे भिंग किंचित वर घ्यावे लागते का, म्हणजे तो बाकी कापाच्या वर बसला आहे का? रंग वेगळा चढला आहे का? मग त्याच ब्लॉकमधून खोलवरचे नवे काप काढायला सांगितले जातात. नव्या कापांत पुंजका दिसलाच नाही, तर तो बहुधा वॉटर बाथमधून किंवा रंगाच्या भांड्यातून आला. बहुधा एवढ्यासाठी की अगदी बारीक खरा तुकडाही दोन-चार कापांत संपू शकतो. म्हणून रजिस्टर उघडून त्या दिवशीचे मागचे आणि पुढचे नमुने पाहतात. शेजारी आतड्याचा कॅन्सर होता आणि पुंजका हुबेहूब तसाच आहे, असे दिसले की कोडे सुटत आले. पेशी कोणत्या अवयवातल्या, हे ओळखणाऱ्या खास रंगाच्या तपासण्याही मदतीला असतात.

अवघड असते ते पुढचे. प्रत्येक नव्या कापात पुंजका दिसत राहिला, म्हणजे तो मेणाच्या ब्लॉकमध्येच आहे. मग तो त्या बाईचा तरी आहे, किंवा कापताना अथवा मेणात बसवताना तरी शिरला आहे. अशा वेळी जनुकीय ओळखीचा आधार घेता येतो. त्या कणातला डीएनए आणि बाईच्या रक्तातला डीएनए यांची तुलना करायची. गुन्ह्याच्या तपासात रक्ताचा डाग कोणाचा हे ज्या पद्धतीने ठरवतात, तीच ही पद्धत. संशयित कण पुरुषाचा असेल, तर बाईच्या नमुन्यात वाय गुणसूत्र सापडल्याने काम अधिकच सोपे होते. मात्र फॉरमॅलिनमध्ये मुरलेल्या तुकड्यातला डीएनए तुटलेला असतो आणि कण फार लहान असतो, त्यामुळे दर वेळी उत्तर मिळतेच असे नाही. तेव्हा सर्वात प्रामाणिक मार्ग म्हणजे पुन्हा नमुना घेणे. धारणीहून किंवा चिखलदऱ्याहून आलेल्या माणसाला ‘परत या’ सांगणे सोपे नाही. त्याचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते. तरीही चुकीच्या शस्त्रक्रियेपेक्षा तो एक दिवस स्वस्त आहे. फक्त त्याला ‘परत या’ का म्हटले, ते नीट समजावून सांगायला हवे.

आपल्याकडे नेमके इथेच पाणी मुरते. शंका येते, नवे काप निघतात, उलगडा होतो, रिपोर्ट योग्य जातो, पण झालेले कुठेच लिहिले जात नाही. याचे परिणाम पुढे दिसतात. वऱ्हाडातले कितीतरी कुटुंबीय दुसऱ्या मतासाठी स्लाइड आणि ब्लॉक घेऊन नागपूर गाठतात किंवा रेल्वेने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. जुन्या स्लाइडवर तो परका पुंजका तसाच असतो. ब्लॉकमधून काढलेल्या नव्या कापात तो नसतो. इथल्या रिपोर्टात त्याविषयी एक ओळ नसेल, तर तिथे पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू होतो. आणि इथे तो कण ओळखलाच गेला नसेल, तर दोन शहरांचे दोन रिपोर्ट एकमेकांविरुद्ध उभे राहतात. मग ‘अमरावतीवाल्यांनी उगाच कॅन्सर सांगितला’ किंवा ‘मुंबईवाल्यांना दिसलाच नाही’ असे वाद घराघरात होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरवर उपचार घ्यायचे, तर बायॉप्सीचा रिपोर्ट लागतोच. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. म्हणजे गेली अनेक वर्षे इथल्या गरीब रुग्णाचे ऑपरेशनही त्याच कागदावर ठरते आणि त्याचा खर्चही. त्या कागदामागची स्लाइड स्वच्छ असणे हा म्हणूनच प्रयोगशाळेचा खासगी मामला राहत नाही.

आपल्या भागाच्या अडचणीही खऱ्या आहेत. मेण साधारण 56 ते 60 अंशांवर वितळते. वॉटर बाथचे पाणी त्याहून दहाएक अंश कमी, म्हणजे 45 ते 50 अंशांच्या दरम्यान ठेवतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पलीकडे जातो, म्हणजे खोलीबाहेरची हवाच वॉटर बाथएवढी तापलेली. अशा दिवसांत कूलर बंद पडला, बर्फ संपला की ब्लॉक मऊ होतात, कापाची सलग फीत निघत नाही, चुरा पडतो आणि तोच पाण्यावर तरंगत राहतो. खर्‍र्‍याच्या कृपेने तोंडातल्या जखमांचे तुकडे इथे भरपूर येतात. असे चार-पाच एकसारखे तुकडे ओळीने एकाच टेबलावर कापले, तर एकाचा कण दुसऱ्यात गेलेला ओळखूच येणार नाही, कारण तोंडाच्या स्लाइडवर तोंडाचाच तुकडा परका दिसत नाही. त्यात तंत्रज्ञांची पदे रिकामी, झायलीन-अल्कोहोल पुरवून वापरण्याची सवय, आणि ‘रिपोर्ट कधी मिळणार’ म्हणून खिडकीशी उभी गर्दी.

तरीही यातले बरेचसे उपाय पैशाचे नसून शिस्तीचे आहेत. प्रत्येक नमुन्यानंतर बोर्ड, सुरी आणि चिमटा पुसणे. एकाच अवयवाचे नमुने ओळीने न घेता मध्ये दुसऱ्या अवयवाचा घेणे, म्हणजे चुकून कण गेला तरी लगेच उघडा पडेल. लागोपाठच्या बारीक नमुन्यांना वेगवेगळ्या रंगाची शाई लावणे. बारीक तुकडे कागदात गुंडाळून कॅसेटमध्ये घालणे. भुसभुशीत गाठी शेवटी कापणे. प्रत्येक ब्लॉकनंतर वॉटर बाथवरून टिश्यू पेपर फिरवणे. रंगाची भांडी ठरलेल्या दिवशी गाळणे आणि बदलणे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन संध्याकाळी. प्रयोगशाळेतही क्रम तोच हवा.

पण केवळ झाडून भागत नाही. झाडले की नाही, हे कळायलाही काहीतरी लागते. 2020 मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात कोरोना तपासणीच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. तिथे प्रत्येक फेरीत विषाणू नसलेला एक नमुना मुद्दाम घातला जाई. तोच पॉझिटिव्ह आला, तर कुठेतरी मिसळ झाली असे समजून त्या फेरीचे निकाल थांबवायचे, हा नियम. बायॉप्सीच्या प्रयोगशाळेत हे काम एक कोरी काच करू शकते. आठवड्यातून एकदा, काहीही न लावलेली स्वच्छ स्लाइड वॉटर बाथमध्ये बुडवून, रंगांच्या सगळ्या भांड्यांतून फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. काही सापडले नाही तर उत्तम. सापडले, तर कोणते भांडे मळले ते शोधायचे. परदेशात अशा कोऱ्या काचा फिरवून पाहिल्या, तेव्हा लोक ज्याला दोष देत आले त्या वॉटर बाथपेक्षा रंगांच्या यंत्रातली झायलीनची भांडी अधिक मळलेली निघाली. म्हणजे अंदाजाने भांडत बसण्यापेक्षा काच फिरवलेली बरी. खर्च काही रुपयांचा आणि दहा मिनिटांचा.

याला जोड हवी एका रजिस्टरची. परका तुकडा दिसला की तारीख, नंबर, कोणत्या टप्प्यावर शिरला असावा आणि काय केले, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. निदानाशी संबंध असेल तेव्हा रिपोर्टातही एक ओळ टाकायची: ‘स्लाइडवर परका तुकडा आढळला, नव्या कापांत तो नाही, तो या रुग्णाचा नाही असे मत.’ पुढच्या डॉक्टरसाठी ही ओळ सोन्याची आहे. अमरावतीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथली घडी आता बसते आहे, तेव्हा ही सवय पहिल्यापासून लावता येईल. अकोल्याचे महाविद्यालय 2002 पासूनचे. बुलडाणा आणि वाशीमचे रुग्णही तिथे येतात. या दोन संस्थांनी आपापले आकडे दर तीन महिन्यांनी समोरासमोर ठेवले, तर विभागातल्या खासगी प्रयोगशाळांनाही लाजेकाजेने का होईना मागे राहता येणार नाही. डीएनए जुळवणीसाठी नमुना कुठे पाठवायचा आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, हेही शासनाने ठरवून द्यायला हवे. तो रुग्णाच्या खिशातून जाता कामा नये, कारण परका तुकडा त्याने आणलेला नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की हे लिहून ठेवले तर उद्या कोर्टात आपल्याच अंगाशी येईल. पण लिहिलेली शंका आणि तिचा केलेला शोध हा बचाव असतो, अडचणीत आणते ती लपवलेली शंका. दुसरा आक्षेप असा की रुग्ण घाबरतील. रुग्ण घाबरतो तो कारण न कळता रिपोर्ट लांबला म्हणजे. ‘आम्हाला खात्री करायची आहे, चार दिवस द्या’ एवढे सांगितले, तर वऱ्हाडी माणूस थांबतो. आणखी एक पथ्य अधिकाऱ्यांनी पाळावे. रजिस्टरमध्ये नोंद दिसली की तंत्रज्ञाला मेमो, असे सुरू झाले, तर पुढच्या महिन्यापासून रजिस्टर कोरे राहील आणि स्लाइड मळलेल्याच राहतील. नोंदी वाढल्या म्हणजे काम बिघडले असे नव्हे. बहुतेकदा लोक पाहू लागलेले असतात.

रुग्णाच्या घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रिपोर्टाच्या कागदाइतकेच स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या मतासाठी जाताना दोन्ही मागून घ्यावेत आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते. रिपोर्ट आणि लक्षणे जुळत नसतील, सोनोग्राफी एक सांगते आणि बायॉप्सी दुसरेच, असे असेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी ‘स्लाइड पुन्हा पाहता येईल का’ असे डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि ‘नवे काप काढत आहोत’ म्हणून रिपोर्ट दोन-चार दिवस लांबला, तर खिडकीवर भांडण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की आत कोणीतरी कदाचित हाच प्रश्न सोडवत बसले आहे: हा तुकडा खरेच तुमच्या माणसाचा आहे का?